गुन्नार एकलुंडचा मराठी आवाज

"शेवटचा भाग मराठीत नको," आण्णा मगदूम म्हणाले.

चंद्रकला टॉकीजच्या रिकाम्या थिएटरात आम्ही दोघंच बसलो होतो. वर केबिनमध्ये ऑपरेटर दस्तगीर रिळं उलटी गुंडाळत होता. पडद्यावरचा बर्फ नुकताच संपला होता.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. घसा बसला म्हणून सांगा. लोक चित्र बघतील. बर्फ काय सुरेख घेतलाय."

आण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकायची त्यांची पद्धत होती आणि मला तिची धास्ती वाटायची. त्या नजरेपुढे माझं वाक्य सुरू व्हायच्या आधीच संपायचं.

या गोष्टीला चाळीसएक वर्षं झाली. आमचं गाव यंत्रमागांचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खटखट ऐकू यायची आणि बाहेरगावच्या पाहुण्याला पहिली रात्र झोप लागायची नाही. अशा गावात परदेशी सिनेमा दाखवणारी फिल्म सोसायटी काढायची हौस आण्णांची. वडिलांच्या चार मागांवर ते लहानपणापासून स्वतः उभे राहिलेले, पुढे शंभर मागांचे मालक झालेले. स्वतःच्या जिद्दीवर इंग्रजी शिकलेले. सोसायटीचे अध्यक्ष ते, वाचनालयाचे अध्यक्षही तेच. मी वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचनालयामागच्या दोन खोल्यांत बायकोसह राहायचो. नोकरी, छप्पर आणि पुस्तकं, माझं सगळं त्या एका आवारात होतं.

सिनेमे मुंबईहून यायचे आणि खाली इंग्रजी ओळी असायच्या. सुरुवातीला तीसएक सभासद. वकील, डॉक्टर, प्राध्यापक. एवढं मोठं थिएटर ओकंबोकं दिसायचं. मग आण्णांनीच फर्मान काढलं, "सुट्टीच्या सकाळी मागवाल्यांना फुकट सोडा. हुपरीकर, तुम्ही वर केबिनमध्ये बसा आणि माइकवरून मराठीत सांगत जा."

मी चार माणसांत कधी तोंड न उघडणारा. पण केबिनमध्ये अंधार होता आणि समोर काचेची लहानशी खिडकी. मला कुणी बघत नव्हतं. आदल्या दुपारी दस्तगीर मला सिनेमा एकदा चालवून दाखवायचा, त्यावर दुसऱ्या दिवशी मी बोलायचो. इंग्रजी माझं शब्दकोशातून शिकलेलं. ओळ डोळ्यांसमोरून निघून जायची आणि मागे माझी मराठी धावायची. किती चुका केल्या असतील देव जाणे. पण थिएटर भरायला लागलं.

आणि त्या सगळ्यांत लोकांनी आपला मानला तो गुन्नार एकलुंड. स्वीडनचा नट. उंच, हाडकुळा, रापलेल्या चेहऱ्याचा. त्याचे सहा सिनेमे आम्ही दाखवले. एकात तो दीपगृहाचा राखणदार होता. एकात श्रद्धा गमावलेला पाद्री. एकात तो बायको गेलेल्या म्हाताऱ्याचं काम करतो, सवयीनं दोन बटाटे उकडतो आणि मग एक परत टोपलीत ठेवतो. उकडलेला बटाटा कच्च्यांत. बस, एवढंच. ते बघून पुढच्या रांगेतली हौसाबाई म्हेतर ओक्साबोक्शी रडली होती. ती मागाच्या कांड्यांवर सूत भरायच्या कामावरची बाई. तिच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, "आमचा गुन्नार".

गुन्नार कमी बोलायचा, म्हणून मला तो सोपा जायचा. आणि खोटं का बोलू, त्याचा आवाज होऊन बोलताना मला माझी भीती वाटत नसे.

तो वारल्याची बातमी मी रेडिओवर इंग्रजीत ऐकली. मी वाचनालयाच्या फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नास मागवाले दारात उभे. शोकसभा घ्या म्हणाले. आण्णांनी लगेच होकार दिला. गुन्नारवर त्यांचाही जीव होता, त्यात मला कधी शंका वाटली नाही. त्याचा तोवर आमच्याकडे न आलेला एक सिनेमा त्यांनी स्वतः मुंबईला फोन करून मागवला.

आता अडचण अशी की गावात संप चालू होता. मजुरीवाढीसाठी माग बंद. रस्त्यावर खटखट नाही. त्या शांततेचीच भीती वाटायची. मालकांच्या संघटनेचे पुढारी आण्णाच. संपात पुढे कोण कोण आहेत त्यांची नावं मालक शोधत होते आणि नाव मिळालेल्या माणसाला परत कामावर घेत नव्हते.

आणि आलेल्या सिनेमात गुन्नार होता मुकादम. उत्तरेकडची लाकूड चिरायची गिरणी, बाहेर कमरेएवढा बर्फ, कामगारांचा संप. शेवटच्या भागात मालक त्याला बोलावतो आणि म्हणतो, पुढारी कोण ते सांग, तुझी नोकरी राहील.

"मी मुद्दाम मागवलेला नाही हो," रिकाम्या थिएटरात त्या दुपारी आण्णा मला म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "मला काय माहीत आत काय आहे. पण आता हजार माणूस येणार. ते काय ऐकून बाहेर पडणार, हे तुमच्या तोंडात आहे."

"पण आण्णा, गुन्नार बोलतोय आणि मी गप्प..."

"सिनेमा आहे. कला आहे. आणखी एक. तो पुढे काय काय करत फिरला ते भाषणात नको. नट म्हणून मोठा होता, तेवढं पुरे. ते मी बोलतो." ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "तुमच्या खोल्यांचं छप्पर गळतं म्हणत होता ना? या महिन्यात करून टाकू."

ते गेल्यावर दस्तगीर खाली आला. "काय म्हणाले?"

"घसा बसवायचा म्हणाले."

"मग?"

"बसतोच आहे," मी म्हणालो. आणि खरंच बसत होता.

त्या रात्री मी कुसुमला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छप्पर गळतं तिथं मी पातेलं ठेवते. त्याची नका काळजी करू." एवढं बोलून ती झोपली. मला ते कसं घ्यावं कळेना. मी माणूसच तसा आहे. मला कुणी सरळ वाक्य बोललं तरी मी त्यात दहा अर्थ बघतो.

सकाळी थिएटर गच्च भरलं. पडद्याखाली टेबलावर गुन्नारचा फोटो. मासिकातला, मीच कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. हार इतका मोठा आणला होता की नुसते डोळे आणि कपाळ दिसत होतं.

"पोरंबाळं किती वं त्याला?" हौसाबाईनं मला विचारलं.

"एक मुलगी."

"आन् बायकू?"

"ती आधीच गेली."

"म्हंजे बटाट्याचं खरंच हुतं की," ती म्हणाली आणि उदबत्ती लावली.

आण्णांनी भाषण केलं. चांगलं केलं. गोदीत माल उचलणारा पोरगा रंगभूमीवर कसा आला, दीपगृहाच्या सिनेमानं त्याचं नाव कसं झालं, चेहऱ्याची एक रेषा न हलवता तो कसा रडवायचा, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "मध्यंतरी नऊ वर्षं तो पडद्यापासून दूर राहिला आणि म्हातारपणी परत आला." दूर राहिला. मी केबिनमधून ऐकत होतो. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग दिवे गेले.

पहिला तासभर मी नेहमीसारखा बोललो. घसा चांगला होता. शेवटचं रीळ लागलं. पडद्यावर मालकाची उबदार खोली, शेगडी, आणि दारात टोपीवर बर्फ घेऊन उभा असलेला गुन्नार. मालक म्हणाला, बस. गुन्नार बसला नाही.

मी माइकपासून मागे झालो.

मालक त्याच्या भाषेत बोलतोय, गुन्नार बघतोय. खालून कुणीतरी म्हणालं, "आवाज!" मग दुसरा. "आवाज गेला, आवाज!" दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन मशीनकडे मान फिरवली. त्यानं काही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पडद्यावर गुन्नारनं टोपी काढली. त्याचे ओठ हलले. मी पुढे झालो आणि माइकवर बोललो, "मालक, तुम्ही नावं विचारता. वीस वर्षं मी त्यांच्यासोबत लाकूड ओढलं."

खालची कुजबुज थांबली. मला माझा आवाज थिएटरभर घुमताना ऐकू येत होता. मी पुढचं वाक्य घेणार तोच केबिनचं दार उघडलं. आण्णा बाल्कनीतून धावत आले होते. धाप लागली होती. त्यांनी माइकची वायर भिंतीतून उपटली.

"मशीन बंद करू?" दस्तगीरनं विचारलं.

आण्णांनी खिडकीतून खाली बघितलं. खेळ थांबवला तर एक खुर्ची धड राहणार नाही, हे त्यांना दिसत होतं. "चालू दे," ते म्हणाले. "हुपरीकर, तुम्ही घरी जा."

मी जिना उतरलो. घरी जायलाच निघालो होतो. जिन्याच्या पायथ्याशी डावीकडे रस्त्यावर उघडणारं दार होतं, त्यातून ऊन आत आलं होतं. उजवीकडे थिएटरच्या दाराचा जाड पडदा. त्यामागून लोक ओरडत होते, "आवाज! आवाज!" मी कितीतरी वेळ उभा राहिलो असं मला आठवतं, प्रत्यक्षात चार श्वास असतील. मला वाटलं, हे लोक मला बोलावतायत. मग वाटलं, मला नव्हे, त्याला. त्या विचारानं मला धीर आला. मी पडदा सारला आणि आत शिरलो.

पार पुढे, सिनेमाच्या पडद्याच्या कडेला, फोटोच्या टेबलाजवळ, मी पडदाही दिसेल असा लोकांकडे अर्धा वळून उभा राहिलो. हजार माणसांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा उभा होतो.

"ह्यो कोण?"

"वाचनालयातलं हुपरीकर न्हवं?"

"आरं, गुन्नार त्योच! आवाज त्याचा हाय!"

मी बोलायला लागलो. वाक्य पहिल्या रांगेतसुद्धा पोचलं नसेल. माइकशिवाय माझा आवाज म्हणजे उंदराचा. मागून ओरड झाली, "मोठ्यानं!" मी जोर केला तशी घशात खरखर झाली आणि उरलंसुरलं गेलं. ओठ तेवढे हलत राहिले.

तेवढ्यात पडद्यावर मालक गुन्नारच्या मागोमाग गिरणीबाहेर आला. पांढराशुभ्र बर्फ. त्याचा उजेड माझ्या तोंडावर पडला. आणि हौसाबाई उठून उभी राहिली.

मागाच्या खटखटाटात काम करणारी माणसं एकमेकांशी बोलतात कशी, याचा मी गावात जन्म काढून विचार केला नव्हता. तिथं कानाला काही ऐकू येत नाही. ती ओठ वाचतात.

हौसाबाईनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "मालक इचारतोय, नावं सांग. आन् ह्यो म्हंतोय, इसारलो!"

थिएटर हसलं. मी बोलत राहिलो, आवाजाविना. ती वाचत राहिली. "म्हंतोय, मजुरीच्या दिवशी तुम्ही बी आमची नावं इसरताच की!"

"आरं द्येवा!" कुणीतरी मांडीवर थाप मारली. पुढच्या रांगेतली आणखी दोघं-तिघं उठली. माझे ओठ वाचायची, मागे वळायची आणि सांगायची. त्यांच्या मागचे त्यांच्या मागच्यांना सांगायचे. गुन्नारचं वाक्य असं रांगेरांगेनं शेवटपर्यंत जायचं. पडद्यावर अंधारं दृश्य आलं की माझं तोंड दिसायचं नाही, सगळे थांबायचे. बर्फ आला की पुन्हा सुरू. मला मनातल्या मनात वाटत होतं, अजून बर्फ पडू दे.

वर बाल्कनीत आण्णा कठड्याला धरून उभे होते. माझ्याकडेच बघत होते.

सिनेमा संपला. दिवे लागले. आता मी पळून जायला हवं होतं, माझ्या स्वभावाला तेच शोभलं असतं. हौसाबाई म्हणाली, "मंग त्याचं काय झालं? सिनेमातल्याचं न्हवं. आमच्या गुन्नारचं."

मी तिला सांगितलं, ओठांनीच, आणि तिनं सगळ्यांना. की हा सिनेमा झाल्यावर तशाच एका गिरणीत खरा संप झाला. गुन्नार तिथं गेला. सगळा हिवाळा तो फाटकाबाहेर कामगारांबरोबर उभा राहिला. त्याची छायाचित्रं पेपरात आली. सिनेमावाल्यांनी दारं लावून घेतली. बक्षीस द्यायचं ठरलं होतं ते रद्द झालं. नऊ वर्षं त्याला काम नव्हतं. त्याच्या गावात तो ट्राम चालवायचा आणि लोक त्याची सही घ्यायला त्या ट्राममध्ये चढायचे.

"पस्तावला का मग?" कुणीतरी विचारलं.

"पेपरवाल्यांनी तेच विचारलं," मी म्हणालो. "तो म्हणाला, थंडी फार होती. एवढंच."

हौसाबाईनं ते मागे सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. ती पुढे आली, फोटोवरचा हार दोन्ही हातांनी जरा खाली ओढला आणि म्हणाली, "तोंड दिसू द्या की त्याचं."

चार दिवसांनी वाचनालयाच्या कार्यकारिणीनं मला बोलावलं. तोवर गावभर झालं होतं. संपवाल्यांच्या सभेत कुणी नावं विचारली की लोक "इसारलो" म्हणून ओरडत होते. पोलिसही हसायचे म्हणे.

लांब टेबल, पाच माणसं, डोक्यावर करकरणारा पंखा. मधे आण्णा. सचिव कित्तुरे वकील सौजन्यानं बोलत होते. "हुपरीकर, तुम्ही सज्जन माणूस. नोकरी घालवायची आमची इच्छा नाही. झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो, एवढं म्हणा. मी लिहून घेतो. तुमच्या खोल्यांना हात लागणार नाही."

मी घरून निघताना कुसुमनं पातेली आधीच एका पोत्यात भरून ठेवली होती. "असू द्यावीत हाताशी," म्हणाली होती. या वेळी मला तिच्या वाक्यात एकच अर्थ दिसला होता.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून आलो होतो, पन्नासदा घोकलं होतं. तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज फुटला नाही. नुसती हवा.

"काय म्हणालात?" कित्तुरे म्हणाले.

मी पुन्हा म्हणालो. पुन्हा तेच. कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. "खेदच म्हणाले असतील, घ्या लिहून," दुसरा म्हणाला. कित्तुऱ्यांनी पेनचं टोपण काढलं. मी मान हलवली, नाही नाही म्हणून, पण ते कागदाकडे बघत होते.

"थांबा," आण्णा म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखे. वडिलांच्या मागांवर उभा असलेला पोरगा बघत असेल तसे. मला इतक्या वर्षांत ते कधी सुचलं नव्हतं.

"तुम्हाला ऐकू आलं, आण्णा?" कित्तुऱ्यांनी विचारलं.

"ऐकू नाही आलं," आण्णा म्हणाले. "दिसलं."

"खेद वाटतो असंच ना?"

त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. मलाही तेव्हा तसंच वाटलं की हे आता हो म्हणणार, आणि मला ते खोडताही येणार नाही.

मग ते बोलले. मागाच्या शेडमध्ये या टोकाहून त्या टोकाला बोलतात तसे, इतक्या मोठ्यानं की बाहेर शिपाई दचकून उठला.

"ते म्हणतात, आवाज कमी पडला, तेवढाच खेद आहे."

वाटेत पन्नासदा घोकलेलं माझं वाक्य तेच होतं. कित्तुऱ्यांचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं.

"हे असंच लिहू?"

"असंच," आण्णा म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडे करू नका."